सातशे तेरा मांजरं

कानबाईला माणसं आवडत नाहीत असं कुणी म्हणालं की ती चिडायची. माणसं आवडतात, मूर्ख आवडत नाहीत, असं तिचं म्हणणं. आता अठ्ठावन्न वर्षांत तिला भेटलेली मूर्ख नसलेली माणसं एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती, आणि त्यातही अंगठ्याबद्दल तिला शंका होती.

शहराच्या दक्षिण भागाच्या आपत्कालीन फोन कक्षात ती एकोणतीस वर्षं बसली. कानबाई हे नाव तिला तिथेच पडलं. पलीकडचा माणूस नुसता श्वास घेत असला तरी तो पळून आलाय, रडून आलाय की पिऊन आलाय, हे तिला कळायचं. कक्ष मुख्य इमारतीच्या तळघरात होता. बारा टेबलं, बारा पडदे, आणि हेडफोनचे स्पंज कधीच उडून गेल्यामुळे प्रत्येकीने घरून आणून गुंडाळलेल्या कापडाच्या चिंध्या. भिंतीवर ‘प्रत्येक सेकंद मोलाचा’ अशी पाटी होती. ती लावायला वरच्या मजल्यावरच्या साहेबांनी सात महिने घेतले होते.

फोन आला की आधी पडद्यावर प्रकार निवडायचा. असे तेवीस प्रकार होते. प्रकार निवडल्याशिवाय पुढचं पान उघडत नसे, आणि मदतीला कोण जाणार, पोलीस, रुग्णवाहिका की बंब, हे फोन घेणारी बाई ठरवत नसे, प्रकार ठरवत असे. प्रकार एकोणीस होता ‘वेडसर इसमाचा उपद्रव’. हे शब्द ज्या कुणा विद्वानाने निवडले, त्याच्या घरात कुणाचं डोकं कधी ठिकाणावरून हललं नसावं, किंवा सगळ्यांचंच हललेलं असावं. एकोणीस निवडला की पोलिसांची गाडी जायची. भोंगा वाजवत, दोन धटिंगण, दोन लाठ्या.

अकरा वर्षांपूर्वी एका दुपारी कानबाईच्याच इमारतीतून फोन आला. शेजारीण बोलत होती. कानबाईचा धाकटा भाऊ जिन्यात बसून मोठमोठ्याने कुणाशी तरी भांडत होता आणि जिन्यात दुसरं कुणीच नव्हतं. भाऊ घड्याळं दुरुस्त करायचा. एरवी बोटाच्या पेराएवढ्या चाकात तासन्‌तास डोकं घालून बसणारा गरीब स्वभावाचा माणूस, पण वर्षातून एकदोनदा त्याला काही आवाज ऐकू यायचे आणि मग त्याला आवरणं कठीण जायचं. कानबाईने नियमाप्रमाणे एकोणीस निवडला. सख्ख्या भावासाठी. गणवेशातली माणसं आहेत, शिकलेली आहेत, समजून घेतील, असं तिला वाटलं. आपल्या मूर्खपणाची ती शेवटची वेळ, असं ती पुढे सांगायची.

साप साप म्हणून भुई धोपटणारी माणसं ती. भावाच्या हातात घड्याळजीचा चिमटा होता, सुईसारखा बारीक. अहवालात त्याचं ‘धारदार हत्यार’ झालं. उजवं मनगट तीन ठिकाणी मोडलं. हाडं जुळली, पण त्या हाताला घड्याळाचा स्क्रू पुन्हा कधी धरता आला नाही. चौकशी झाली आणि चौकशीत सगळं नियमाला धरून झाल्याचं आढळलं. नियमाला धरूनच झालं होतं. नियम कानबाईनेच पाळला होता.

दोन महिन्यांनी एका बाईचा फोन आला. तिचा नवरा, निवृत्त ग्रंथपाल, न्हाणीघराला आतून कडी लावून बसला होता आणि नळातून आपल्यावर कुणीतरी नजर ठेवतंय असं म्हणत होता. कानबाईचं बोट एकोणिसावर गेलं आणि तिथेच थांबलं. मग ते वर सरकलं आणि तिने प्रकार अकरा निवडला. अकरा म्हणजे ‘अडकलेला प्राणी’. अकराला बंब जायचा. शेऱ्यात तिने लिहिलं, ‘मांजर. घाबरलेलं आहे. भोंगा नको, हळू जा.’

अग्निशमन केंद्राचा नायक जाळी आणि चामडी हातमोजे घेऊन गेला. मांजराच्या जागी ग्रंथपाल बघून तो गडबडला नाही. हातमोजे काढून दाराबाहेर फरशीवर बसला आणि दीड तास कबुतरांविषयी बोलला, कारण त्याला दुसऱ्या कशाविषयी एवढा वेळ बोलता येत नसे. मग त्याने कक्षात फोन केला आणि मांजर सुखरूप असून चहा मागतंय असं कळवलं. कानबाईने मोजलेल्या बोटांपैकी एक बोट हा नायक.

तिथून ती रीत पडली. माणूस म्हणून नोंद केली की लाठी जायची. मांजर म्हणून नोंद केली की शिडी, पांघरूण आणि धीर धरणारी चार माणसं जायची. सरकारच्या लेखी लाठीपेक्षा जास्त किंमत हवी असेल तर माणसाने मिशा वाढवून म्यांव करावं, असं कानबाई म्हणायची. हळूहळू तिन्ही पाळ्यांतल्या बायका असे फोन अकरात टाकू लागल्या. एकोणिसाला कुणी हात लावीना. नवीन कुणी आली की कानबाई तिला महिनाभर जोखायची आणि मगच कानात सांगायची. असलं गुपित कुणाही गबाळीच्या ओटीत घालायला ती तयार नव्हती.

वर कुणाला पत्ता लागला का? छे! अग्निशमन केंद्राच्या रोजवहीत नायक इमानाने खरं तेच लिहायचा, कारण तिथे जे सापडलं ते लिहायचा दंडक होता. ‘पुरुष, साठीचा, घाबरलेला, सुखरूप.’ ‘बाई, विशीतली, गच्चीवर, सुखरूप.’ कक्षाच्या नोंदीत त्याच दिवशी, त्याच पत्त्यावर, मांजर. अकरा वर्षांत या दोन नोंदी शेजारी ठेवून बघायची तसदी एकाही माईच्या लालाने घेतली नाही. बघितलं ते काय, तर दक्षिण भागात मांजरं फार अडकतात! त्यावर बैठका झाल्या. शेवटी दक्षिण भागासाठी सहा पिंजऱ्यांचं खास प्राणी बचाव वाहन मंजूर झालं, फीत कापली गेली, फोटो निघाले. पहिले काही महिने त्या गाडीतून साहेबांच्या कार्यक्रमांच्या खुर्च्या वाहिल्या गेल्या. मग एक परिपत्रक निघालं: पुढच्या एक तारखेपासून प्रकार अकराचे सगळे फोन थेट प्राणीवाहनाकडे जातील, बंब जाणार नाही.

कानबाईने परिपत्रक दोनदा वाचलं. म्हणजे एक तारखेनंतर भाऊ जिन्यात बसला तर एक तर लाठी येणार, नाहीतर जाळी आणि पिंजरा.

तिसरी वाट होती, नाही असं नाही. सरकारला एकदाची जाग आली होती आणि एक विधेयक तयार झालं होतं. डोकं हरवलेल्या माणसाकडे पोलीस न पाठवता दोघांचं पथक पाठवायचं, एक परिचारिका आणि एक समुपदेशक, साध्या कपड्यांत, साध्या गाडीतून, भोंगा नाही, अर्ध्या तासात. पोलीस आले तर पथकाने बोलावल्यावरच. कानबाईने बेचाळीस कलमं चष्मा पुसून पुसून वाचली आणि सरकारच्या कागदात पहिल्यांदाच माणसाचा हात लागल्यासारखं तिला वाटलं. मग तिने शेवटची यादी बघितली. राज्याचे चाळीस भाग गरजेप्रमाणे लावले होते आणि त्यांतल्या पहिल्या वीस भागांनाच पथक मिळणार होतं. गरज कशावरून ठरवली, तर प्रकार एकोणीसच्या नोंदींवरून. तीन वर्षांपूर्वी प्रयोग म्हणून पाच भागांना पथकं दिली होती, तीही अशाच यादीवरून. दक्षिण भागात दहा वर्षांत एकोणिसाच्या नोंदी होत्या नऊ. नंबर एकोणचाळिसावा. चाळिसावा भाग म्हणजे बराचसा विमानतळ होता.

विधेयकावर लोकांचं म्हणणं ऐकायला आमदारांची समिती शहरात येणार होती. कानबाईने नाव नोंदवलं आणि नायकाकडे रोजवह्या मागायला गेली. नायक बंबाची नळी गुंडाळत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि हात दाखवून अवलक्षण कशाला करून घेता, असं विचारलं. चार महिन्यांत निवृत्ती. खोट्या नोंदी कबूल केल्या की चौकशी, निलंबन, पेन्शनची बोंब. कानबाई म्हणाली, मला शिकवू नका, वह्या द्या. त्याने दिल्या. वर स्वतःच येतो म्हणाला, कारण सरकारी वही केंद्राबाहेर सहीशिवाय जात नाही.

घरी तिने भावाला सांगितलं. भाऊ डाव्या हाताने एका जुन्या गजराच्या घड्याळाचं झाकण बसवत होता. चार वेळा बंबवाल्यांनी त्याला समजावून घरी आणलं होतं, त्यामुळे ही मांजरांची गोष्ट त्याला ठाऊक होती.

“ताई, मांजर केलंस ते चाललं मला,” तो म्हणाला. “पिंजरा नाही चालायचा.”

सुनावणी नगर सभागृहात सकाळी अकराला होती, म्हणून बाराला सुरू झाली. समितीत सात जण होते. दोघे फोनमध्ये, एक झोपेत, एक पाण्याच्या बाटलीवरचा कागद सोलण्यात, आणि उरलेल्या दोघांचे चेहरे असे की त्यापेक्षा झोपलेला बरा. अध्यक्ष मात्र जागे होते. त्यांना भाषण करायचं होतं.

त्यांच्यानंतर तज्ज्ञ उठले. यादी यांनीच केली होती, दोन वर्षं आणि चार मदतनीस घेऊन. त्या दोन वर्षांत फोन कक्षाचं तळघर त्यांना एकदाही दिसलं नव्हतं. सभागृहापासून ते चालत दहा मिनिटांवर होतं, पण उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला जमिनीवर उतरायची गरज काय? दक्षिण भागात एकोणिसाच्या नोंदी इतक्या कमी का, याचं त्यांनी पडद्यावर आलेख दाखवून कारण दिलं: तिथले कौटुंबिक बंध घट्ट आहेत आणि शेजारधर्म जिवंत आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत दक्षिण भागातलेच लोक जास्त होते. कानबाईला आपल्या शेजारणीचा फोन आठवला आणि ती इतक्या मोठ्याने खाकरली की बाटली सोलणारे साहेब दचकले.

मग लोकांची पाळी आली, प्रत्येकाला तीन मिनिटं. एका गृहस्थाने पथकाची गाडी आपल्या गल्लीत लावायला हरकत घेतली, तीही गाडी मंजूर व्हायच्या आधी. एका बाईंनी ध्यानधारणा सुचवली. सातव्या नंबरला एक बारकी बाई उठली. शिवणकाम करायची, गळ्यात अजून मापाची फीत होती, काढायची राहून गेली असावी. तिने सरळ सांगितलं की तिचा सव्वीस वर्षांचा मुलगा चौदा महिन्यांपूर्वी गच्चीवरच्या टाकीवर जाऊन बसला होता. तिने फोन केला. पोलिसांची गाडी भोंगा वाजवत आली. जिन्यात बूट वाजले आणि तो मागे सरकला. मागे काही नव्हतं.

त्याच्या आधी तिने पथकासाठी दोन अर्ज केले होते. उत्तराचं पत्र तिने वाचून दाखवलं: आपल्या भागात अशा सेवेची गरज नोंदींवरून दिसून येत नाही. ते तिने पुन्हा एकदा वाचलं. अध्यक्षांनी वेळ संपल्याचं सांगितलं आणि ती बसली.

कानबाईने तो फोन ओळखला. तो तिच्याच पाळीतला होता. कक्षात नवीन आलेल्या एका मुलीने तो घेतला होता. मुलीचा आठवा दिवस होता, आणि कानबाईला ती ढ वाटली होती, म्हणून तिला मांजरांचं काही सांगितलं नव्हतं. मुलीने एकोणीस निवडला. दुसऱ्या दिवशी कानबाईने सगळ्यांदेखत तिची अक्कल काढली. इतकी काढली की महिन्याभरात मुलीने बदली मागून घेतली. त्या मुलाचं जाणं कानबाईने त्या मुलीच्या नावावर टाकलं होतं आणि तिच्यापुरता तो विषय संपला होता.

आठवा नंबर तिचाच होता. तिने समितीसाठी चांगली धार लावून ठेवलेली वाक्यं आणली होती, त्यांतलं एकही तिला बोलावंसं वाटेना. तिने नाव सांगितलं, नोकरी सांगितली, आणि म्हणाली की दक्षिण भागात एकोणिसाच्या नोंदी कमी आहेत कारण मी त्या मांजर म्हणून लिहिते. अकरा वर्षं लिहिते. माझं बघून बाकीच्या लिहितात, दोष माझा.

सभागृहाला आधी कळेना. कळलं तेव्हा हशा पिकला. अध्यक्ष डोळे पुसेपर्यंत हसले आणि झोपलेले साहेब कोण जिंकलं असा चेहरा करून उठून बसले. नायक अकरा वह्या छातीशी धरून पुढे गेला आणि पाठ म्हटल्यासारखा बोलला. सातशे तेरा. सगळे सुखरूप. तज्ज्ञांनी वह्या उलटल्या, यंत्रावर आकडे मारले, आणि त्यांचा चेहरा उजळला.

“अहो, मग हा भाग तिसरा येतो!” ते म्हणाले. “आणि तीन वर्षांपूर्वीचे आकडे धरले तर तेव्हाही चौथा. म्हणजे प्रयोगातच पथक मिळालं असतं तुम्हाला.”

गणित सुटल्याचा आनंद होता तो, दुसरं काही नव्हतं. लोकांनी त्यालाही टाळ्या दिल्या. पुढे यादी दुरुस्त झाली, कायदा झाला, दक्षिण भागाला पथक मिळालं, जिन्यात बसलेल्या भावाशेजारी एकदा परिचारिका येऊन बसलीही, आणि कानबाईची चौकशी तिच्या निवृत्तीनंतरही कितीतरी दिवस चालली. ते सगळं यथासांग झालं. पण त्या क्षणी कानबाईला जे हवं होतं ते मिळालेलं होतं आणि तिला खाली बसता येत नव्हतं. चौदा महिने आणि तीन वर्षं, एवढी साधी वजाबाकी तिने वह्या मागताना, वाचताना, कधीच केली नव्हती. ती शिवणवालीकडे बघत होती. सगळ्या सभागृहात न हसलेलं तेवढं एकच माणूस होतं.

बाहेरच्या व्हरांड्यात शिवणवाली तिच्यासमोर येऊन उभी राहिली. कानबाईने हात जोडले. माफी मागायची तिची आयुष्यातली ही पहिलीच वेळ होती.

“तुमचा भाऊ बरा आहे ना आता?” शिवणवालीने विचारलं. कानबाईने भाषणात भावाचा उल्लेखही केला नव्हता, नायकाने केला असावा.

“आहे.”

“मग झालं,” ती म्हणाली, आणि पिशवी काखेत मारून जिना उतरून गेली.

पाठोपाठ वरच्या मजल्यावरचे साहेब आले आणि तुम्ही निलंबित आहात म्हणाले. मात्र आदेश टाईप व्हायला चार वाजणार होते. म्हणजे चार वाजेपर्यंत ती नोकरीत होती. कानबाई चालत तळघरात आली. तिच्या टेबलावरची बाई उठली आणि काही न विचारता बाजूला झाली. प्रत्येक फोन यंत्रात जपलेला असतो. कानबाईने चौदा महिन्यांपूर्वीची तारीख घातली. हा फोन तिने कधी ऐकला नव्हता. मुलगी ढ आहे हे ठरलेलं असल्यावर ऐकायचं काय?

आधी आईचा आवाज आला, मग नव्या मुलीचा. मुलगी घाबरलेली नव्हती. तिने पत्ता नीट विचारला, मुलाचं नाव विचारलं, तो काय बोलतोय, कुणाचं ऐकतो, गच्चीचं दार कुठल्या बाजूला आहे, सगळं विचारलं. एकोणतीस वर्षं काढलेल्या बाईने याहून वेगळं काही विचारलं नसतं. आई म्हणत होती की पोलीस पाठवू नका, तो गणवेशाला फार घाबरतो, दुसरं कुणीही पाठवा. मग बराच वेळ नुसता कळा दाबल्याचा आवाज, एकामागून एक. कानबाईने तो मोजला. मुलगी एक ते तेवीस सगळे प्रकार उघडून बघत होती, आणि शेवटपर्यंत जाऊन पुन्हा मागे आली होती.

“काकू,” ती म्हणाली, “मी सगळं बघितलं हो. पोलिसांशिवाय दुसरं कुणीच नाहीये आमच्याकडे.”